धाकटीच्या हॉलमधली फ्रेम

माझ्या धाकट्या बहिणीच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बरोब्बर वर एक फ्रेम आहे. आत मुलांचा फोटो नाही की फुलाबिलांचं चित्र नाही. तिच्या नवऱ्याचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट आहे, आणि त्याच्यावर उजेड पडावा म्हणून वेगळा दिवा लावलाय. ती फ्रेम दिसली की माझ्या पोटात दुखतं. मी ते लपवतही नाही.

आमच्या ह्यांच्या पोटात मात्र कधी दुखलं नाही. हे लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. याच कामात केस पांढरे झाले. रिकाम्या शाफ्टमध्ये वरून ओळंबा सोडायचा, त्या दोरीवर रूळ उभे करायचे, लिफ्ट चालू झाली की घरी येऊन पाय धुवायचे आणि ढाराढूर झोपायचं. मागून आलेले किती जण ह्यांच्या पुढे गेले. मी तणतणले की म्हणायचे, "जाऊ दे गं, त्याला घाई होती." घाई होती म्हणे! जिन्यात बाजूला सरकून वाट द्यावी तशी या माणसानं प्रमोशनं दिली.

गेल्या वर्षी मात्र प्रोजेक्ट मॅनेजरची जागा रिकामी होणार होती. मोठ्या साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जागा तुम्हालाच द्यायची आहे. फक्त वर्षअखेरीच्या आत एखादं सर्टिफिकेट आणा. कुठलंही चालेल, वरच्यांना दाखवण्यापुरतं."

त्याच संध्याकाळी हे एक पातळसं पुस्तक घेऊन आले. छोटी परीक्षा. अनुभवाची अट नाही, थोडा अभ्यास केला की सुटलो.

"धाकटीच्या नवऱ्यानं हीच दिलेली का?" मी विचारलं.

"छे. त्याची मोठी. तिला आधीच्या सगळ्या कामांचे पुरावे द्यावे लागतात, जुन्या साहेबांना पत्रं लिहून होकार आणावा लागतो. आपल्याला कशाला? कुठलंही चालेल म्हणालेत."

कुठलंही चालेल. जन्मभर हेच ऐकत आलेय. शर्ट कुठलाही चालेल, भाजी कुठलीही चालेल, बायको... जाऊ दे.

रविवारी धाकटीकडे गेलो. ह्यांनीच साडूला सगळं सांगून टाकलं. साडू सोफ्यावर टेकून, त्या दिव्याखाली, म्हणाला, "छोटी पण वाईट नाही हो दादा. सुरुवात म्हणून." धाकटी चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "हो ना ताई. भावोजींना तेवढी पुरे."

तेवढी पुरे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा मी तसाच ठेवला आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या ह्यांना सांगितलं, "मोठीच द्यायची."

"अगं, वेळ लागेल."

"लागू दे. पण द्यायची तर मोठीच. नाहीतर मी पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही."

हे बरं म्हणाले. मला हे 'नाही' असं कधी म्हणालेच नाहीत.

मग सुरू झाली पळापळ. ह्यांची पहिली कंपनी बंद पडलेली. दुसरीतले साहेब कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. तिसऱ्यांचा नंबर मिळाला, तर ते फोन उचलेनात. रोज सकाळी चहाबरोबर मी जाड पुस्तकातले प्रश्न विचारायचे. "कामात धोका दिसला. आधी काय कराल?"

"काम थांबवीन आणि शाफ्टमध्ये उतरून बघीन."

"चूक. आधी नोंद करायची, मग संबंधितांशी बोलायचं."

"वर माणूस लोंबकळत असताना?"

मी पुढचं पान उलटलं. उत्तरं मला यायला लागली, ह्यांना येईनात. कागद अजून कुठे कुठे फिरतच होते.

ते पातळ पुस्तक घरात पडून होतं, ते मी छापखान्यात नेलं. मी तिथे ऑर्डरी घेते, कुठलं मशीन कधी मोकळं होईल ते बघते. गिऱ्हाईक नसलं की वाचायचे. ह्यांना दाखवून द्यायचं होतं की छोटी म्हणजे पोरखेळ आहे, तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही. एका शनिवारी जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. मालकांनी सगळ्या मोठ्या ऑर्डरी माझ्या हाती सोपवल्या, खिडकीजवळचं टेबल दिलं. खोटं कशाला बोलू, हवेत होते मी.

वर्ष संपलं. ह्यांचा अर्ज तपासणीतच अडकलेला. जागा मिळाली स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला. त्याच्याकडे छोटीचं सर्टिफिकेट होतं. आता हे त्याला साहेब म्हणतात. घरी येऊन मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझं सर्टिफिकेट मी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. काल हे कामावरून येताना फ्रेम घेऊन आले.

"कशाला?" मी म्हटलं.

"मिळवलंयस तर लाव की."

पाय न धुता ह्यांनी भिंतीला ड्रिल लावलं. फ्रेम टांगली, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत हलवत राहिले. मग दोन पावलं मागे आले आणि हात पुसत म्हणाले, "ही पुरली असती गं मला."

आवाज चढला नव्हता. ह्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. हे फ्रेमकडे बघत होते, ओठ घट्ट मिटून, मान जराशी कलती करून. मला ते बघणं चांगलं ओळखू आलं. धाकटीच्या सोफ्यासमोर मी तशीच उभी असते.