शिकाऊ हातात चालू सर्व्हरची किल्ली

किल्ली तुम्ही द्यायची, रस्ता तुम्ही सांगायचा आणि नुकसान झालं की राजीनामा नव्या मुलीचा मागायचा, असाच न्याय आहे का तुमच्याही ऑफिसात?

सविता पाथर्डीची. नगरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तिचा नववा दिवस. पाचच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, लॅपटॉप साफ केला, पन वसतिगृहातून फोन यायला लागलेत. यादी दिसंना म्हनत्यात."

यादी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांची. हंगामभर ती मुलं गावच्या वसतिगृहात राहतात. कुणाचे आईबाप कुठल्या कारखान्यावर, कुणाला कुठलं औषध, सगळं आमच्या प्रोग्राममध्ये.

असा प्रोग्राम म्हणजे एकत्र चालणारे पंधरा-वीस तुकडे. त्यांचा मुकादम म्हणजे कुबरनेटीस. एक तुकडा बसला की तो दुसरा उभा करतो. सरावासाठी या सगळ्याची छोटी नक्कल आम्ही लॅपटॉपवर मांडतो आणि काम झालं की एका कमांडनं पुसतो, नाहीतर लॅपटॉप रांगायला लागतो. पण ती कमांड लॅपटॉपवर चालणार की खऱ्या सर्व्हरवर, हे एका सेटिंगवर ठरतं. त्याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. तो आपणहून स्क्रीनवर दिसत नाही.

दुपारी कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांनीच सविताला खऱ्या सर्व्हरवर एक नाव बघायला लावलं होतं. कॉन्टेक्स्ट तिथंच राहिला. संध्याकाळी तिनं नक्कल पुसायची कमांड दिली आणि खरी यादी गेली.

नवव्या दिवशी तिच्याकडं खऱ्या सर्व्हरचे पूर्ण अधिकार कसे? कारण त्या सर्व्हरची किल्ली, म्हणजे हे अधिकार देणारी फाईल, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना मिळायची. मी दोनदा हरकत घेतली होती. सर शनिशिंगणापूरचे. छाती काढून म्हणायचे, "आमच्या गावात घराला दार नसतं. इथं काय चोर बसलेत?"

आता तेच सर तिच्यासमोर मला सांगत होते, "हिला राजीनाम्याचा मेल टाकायला सांग. काय शिकून आलीय, देव जाणे."

"नव्या माणसाला आपण सूचनांचा कागद देतो, त्यावर होतं तेच तिनं केलं, सर."

"कागद कुणी लिहिला?"

"मी. 'आधी कॉन्टेक्स्ट बघ' ही ओळ मी घातली नाही. किल्ली तुम्ही वाटली. मेल टाकायचे तर तिघांचे टाकू."

"लई बोलायला लागलास."

"शनिदेव गाव राखतो, सर. सर्व्हर नाही."

सविता मध्येच म्हणाली, "भांडन मागनं करा. बॅकअप कुठला हाय ते सांगा आधी."

बॅकअप सकाळचा होता. दोन तासांत यादी परत उभी राहिली. दिवसभरातल्या नव्या नोंदी तिनं वसतिगृहाला फोन लावून एकेक करून भरल्या.

सरांनी माफी मागितली नाही. मेलचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. सविता कामावर आहे. खऱ्या सर्व्हरची किल्ली आता एकाच वेगळ्या मशीनवर असते. माझा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. उद्या नव्या माणसाला दिलेला तुमचा कागद घ्या, त्याच्या शेजारी बसा आणि त्यात लिहिलंय तसं एकदा स्वतः करून बघा. त्याच्या लॅपटॉपवर खऱ्या सर्व्हरची किल्ली सापडली, तर जागेवरून उठायच्या आत ती काढून घ्या.