अण्णांच्या कॉम्प्युटरला पासवर्ड

आमच्या दिघीच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. खाली हॉलच्या कोपऱ्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना डेस्कटॉप आणि वर माझ्या खोलीत माझ्या कंपनीने दिलेला लॅपटॉप. दोघांच्या मध्ये एक जिना, आणि वायफाय एकच. तरी खालचा एक फोल्डर वर उघडता उघडता माझी आयटीतली सगळी ऐट उतरली.

अण्णा चऱ्होलीच्या शेतकरी घरातले, पण त्यांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग काढण्यात गेली. रिटायर झाल्यावरही ते थांबले नाहीत. भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी ते घरून फिक्श्चरची ड्रॉइंग काढून देतात. फिक्श्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारी पकड. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात आणि त्याला ‘फर्स्ट शिफ्ट’ म्हणतात. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. ते टिकलेत ते त्या खुर्चीमुळे, माझ्या हातच्या जेवणामुळे नक्कीच नाही.

एक दिवस वर्कशॉपच्या मालकांचा मला फोन आला. अण्णांच्या ड्रॉइंगवरून प्लेट कापली आणि भोकं भलत्याच जागी पडली, असं ते म्हणाले. माणूस भला, अण्णांना एका शब्दाने बोलला नव्हता. ताई, ड्रॉइंग माझ्याकडे येण्याआधी तुम्ही एक नजर टाकत जा, पण काकांना कळू देऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मग सॉफ्टवेअरमध्ये घुसलेली, तेवढं मला जमलं असतं. पण मी घाबरले. चूक तोंडावर दाखवली तर अण्णा काम सोडतील, आणि नाही दाखवली तर काम त्यांना सोडेल.

अण्णांच्या खांद्यावरून डोकावण्याची सोय नव्हती. शेजारी कुणी उभं राहिलं की त्यांचा हात थांबतो. म्हणून मी ठरवलं, त्यांचा ड्रॉइंगचा फोल्डर शेअर करायचा आणि वर बसून गुपचूप बघायचं. घरातल्या घरात फोल्डर शेअर करणं म्हणजे माझ्या लेखी चहा टाकण्याइतकं सोपं काम.

लॅपटॉपवर अण्णांचा कॉम्प्युटर दिसला. फोल्डरही दिसला. त्यावर क्लिक केलं की नाव आणि पासवर्ड मागायचा. अण्णांच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता, आणि रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही. मग पासवर्ड न मागण्याची सेटिंग केली. तेव्हा माझ्या लॅपटॉपने सांगितलं की कंपनीच्या नियमानुसार अशा बिनपासवर्डाच्या ठिकाणी जायला परवानगी नाही. पेन ड्राइव्हला कंपनीने आधीच बंदी घातलेली. हेल्पडेस्कच्या मुलाने घरचं नेटवर्क आपल्याकडे येत नाही मॅडम, असं गोड आवाजात सांगून माझ्या तक्रारीचं तिकीट बंद केलं. फोनवर ड्रॉइंग उघडून पाहिली तर आकडे मुंग्यांसारखे. चाकणहून शिफ्ट संपवून आलेला नवरा म्हणाला, जगाचे सर्व्हर सांभाळतेस आणि स्वतःच्या बापाच्या फोल्डरात जाता येत नाही होय. त्या दिवशी त्याला भाजी वाढताना मी पातेलं जरा जोरात आपटलं.

शेवटी एकच वाट उरली. अण्णांच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घालायचा.

अण्णा काही ऐकेनात. त्यांच्या टूलरूममध्ये कपाटाला कुलूप लावणाऱ्या माणसाकडे सगळे संशयाने बघत. ड्रॉइंग उघड्यावर, कुणीही यावं, बघावं, चूक काढावी. तिथे एक नियमच होता म्हणे, की ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने ते तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासून खाली सही करायची. हे मला लहानपणापासून पाठ होतं. मी व्हायरसची भीती घातली, बँकेच्या फसवणुकीच्या गोष्टी सांगितल्या, धडधडीत खोटं बोलले. अखेर ते म्हणाले, “घाल मग. माझा टोकन नंबर घाल. त्यो काय माझ्या डोक्यातनं जायाचा न्हाई.”

टोकन नंबर म्हणजे कारखान्यातला त्यांचा नंबर. हजेरीला तो, पगाराला तो, कँटीनला तो. आमच्याकडे म्हणतात, कामगार एक वेळ बायकोचं नाव विसरेल पण टोकन नंबर नाही. मला ही कल्पना फार आवडली. यापेक्षा पक्का पासवर्ड कुठला असणार.

फोल्डर उघडला. मी वर बसून ड्रॉइंग बघू लागले. कुठे भोकाचा व्यास लिहायचा राहिलेला, कुठे एकच माप दोन ठिकाणी वेगळं. मी हळूच मालकांना कळवायचे आणि ते सांभाळून घ्यायचे. रेषा मात्र अजून देखण्या होत्या, आणि त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

मग एका सकाळी मी चहा घेऊन खाली आले तर अण्णा शर्ट-पेनासकट खुर्चीत बसलेले आणि समोर पासवर्डाची रिकामी चौकट. मला वाटलं मशीन अडकलं. मी तसं विचारलंही.

“माझा टोकन नंबर काय व्हता गं?”

तो नंबर त्यांच्या डब्याच्या झाकणावर कोरलेला होता. शाळेत असताना तो डबा मी रोज घासायचे, मी कशी विसरेन. मी नंबर सांगितला. त्यांनी एका बोटाने एकेक आकडा दाबला. स्क्रीन उघडली. ती उघडायला नको होती, म्हणजे मशीनवर ढकलता आलं असतं, असं मला वाटलं. सगळा खटाटोप मी त्यांची खुर्ची राखायला केला होता आणि खुर्चीसमोर दार मीच बसवलं होतं.

मी पासवर्ड काढून टाकते म्हणाले. अण्णा स्क्रीनकडे बघत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. न्हाई तर तुला वर दिसायचं न्हाई.”

हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

“भोसरीच्या मालकाला म्याच सांगितलं व्हतं, पोरीला फोन कर म्हणून. आपलं आपण तपासायचं नसतं.”

मलाच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी माऊस नुसताच इकडून तिकडे फिरवला.

“तुझ्या म्होरं सांगवंना.”

मी वर गेले आणि दार लावून रडले. मग लॅपटॉप उघडला, कारण त्या दिवशीचं ड्रॉइंग दुपारी जायचं होतं.

आता पासवर्ड रोज सकाळी मीच टाकते. ते खुर्चीत बसतात, मी मागून वाकून आकडे दाबते. परवा दाबता दाबता मी नंबर मोठ्याने म्हटला, म्हटलं कानावर पडत राहील.

अण्णा म्हणाले, “नंबर झ्याक हाय. कुणाचा गं?”

तुमचाच, मी म्हणाले. त्यांनी बरं म्हणून मान डोलावली आणि चष्मा पुसून कामाला लागले.