बाप्पा आणि तोक्योची गाडी

आमच्या इंद्रलोक इमारतीतले एक गृहस्थ भाजीवाल्याकडे दुधीसुद्धा मिलिमीटरमध्ये मागतात. जपान त्यांनी पाहिलेलं नाही. तरी सायबर कॅफेतून तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या नव्या गाडीचे फोटो आणून त्यांनी सोसायटीच्या गणपतीसाठी थर्माकोलचा हुबेहूब डबा केला, शेजारी फलाटही. डब्याच्या टोकाचं दार काचेचं हवं म्हणून माझ्या शोकेसची काच मागितली. मी दिली नाही.

मूर्ती आली आणि फलाटाकडच्या दारातून आत जाईना. मिलिमीटरवाल्यांनी बाप्पांचंच माप घेतलं नव्हतं.

सेक्रेटरींनी कटर काढला. "अहो, छप्पर कापा!"

"गाडीला हात लावायचा नाही," मिलिमीटरवाले म्हणाले.

"मग बाप्पाला काय दारात लटकवणार?" मी विचारलं.

त्यांनी घाम पुसला, मूर्तीसकट पाट उचलून दारासमोर फलाटावर मांडला आणि म्हणाले, "चढवायचं कशाला, वहिनी? बाप्पा आत्ताच उतरलेत."