शेवटचं खेचर उतरेपर्यंत

गनीभाई गाडीचं इंजिन बंद करत नसत. चहाला उतरले तरी चालू, नमाजाला गेले तरी चालू, साहेबांशी बोलत उभे असले तरी मागे लँडरोव्हर आपली घरघरतेच आहे. मी दुबईत उतरलो तेव्हा बंदरावर मला घ्यायला तेच आले होते. माझी ट्रंक सापडेना. पोती आणि पेट्यांच्या ढिगातून मी घामाघूम होऊन फिरत होतो आणि हे गृहस्थ गाडीभोवती येरझारा घालत होते. "अहो, निदान इंजिन तरी बंद करा," मी वैतागून म्हणालो. "तुमचा सामान आला नाय ना अजून," ते म्हणाले. "सगळा आला की बघू." ट्रंक सापडली, गाडीत चढली, तरी त्यांनी काही बघितलं नाही. माणूस चक्रम आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि बरेच महिने ते मत बदलायची मला गरज वाटली नाही.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती तेव्हा एक व्हायच्या होत्या. खाडीच्या दोन काठांवर दुबई होती आणि तिच्या पाठीला वाळू. मी नाशिकचा, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. अब्दुलगनी मुकादम रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, त्याच कंपनीत ड्रायव्हर. दुबईच्या देरा भागात आम्ही एकाच घरात भाड्याने राहत होतो. बसणं हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायचे, जेवतानाही हातात ताटली घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. "गनीभाई, बसा की. तुमच्याकडे बघून माझा घास फिरतो," मी म्हणायचो. "बसलो की जेवान गळ्यात अडकते, कुलकर्णीसाब," हे ठरलेलं उत्तर.

मुकादमांच्या घरात सगळे दर्यावर्दी. बाप तांडेल, सगळे काका बोटींवर. हे एकटेच असे निघाले, की होडी हलली की यांचं पोट हलायचं. बापाने दोनदा गलबतावर चढवलं आणि दोनदा हिरवागार झालेला मुलगा उतरवून घेतला. शेवटी एका काकाने कलकत्त्याला नेऊन मोटार शिकवली, आणि समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं म्हणून की काय, गनीभाई थेट सिक्कीमला पोचले. तिथे एका मारवाडी लोकरवाल्याची जीप त्यांनी चालवली, चिनी लढाईपर्यंत.

तिथल्या तिबेटच्या रस्त्याची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आज मला गंगटोकला सोडलं तर मी कोणालाही न विचारता खिंडीपर्यंत जाईन. दुबईच्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. चादरी पाण्यात भिजवून अंगावर घ्यायचो, त्या घटकाभरात कडकडीत वाळायच्या. अशा वेळी गनीभाई गच्चीवर फेऱ्या घालत बर्फ सांगायचे. पहाटे गंगटोकहून निघायचं. आधी झाडी आणि चिखल, मग झाडं खुरटी होत होत संपतात. मग एक तळं, काठाकाठाने गोठलेलं. त्याच्यावर वळणं, वळणांवर वळणं, आणि दुपारच्या आत चौदा हजार फुटांवरची खिंड. पलीकडून तिबेटातली खेचरं लोकरीचे गठ्ठे घेऊन यायची, गळ्यातल्या घंटा वाजवत. माल भरायचा आणि अंधाराच्या आत परत गंगटोक. "एक दिवसात जायचा, एक दिवसात यायचा. रात्री तिथं राहिला तो सकाळी उठेल याची गॅरंटी नाय."

"आणि इंजिन?" कोणीतरी मुद्दाम विचारायचं.

"बंद नाय. बिलकुल नाय." इथे गनीभाई थांबायचे. दिवसभरात तेवढेच. "वर धुका असा येतो, की आपला हात आपल्याला दिसत नाय. खेचरवाले पाठीमागं कुठं तरी असतात. त्यांना रस्ता दिसत नाय, घंटा कुठून वाजते ते समजत नाय. मग गाडीवाल्यानं एकच काम करायचा. गाडी चालू ठेवायची. त्या आवाजावर ते चालत येतात. शेवटचा खेचर उतरल्याबिगर इंजिन बंद करायचा नाय, हा तिथला कायदा. कोणी लिवलेला नाय, पण कायदा."

एकदा म्हणे धुक्यात त्यांनी इतका वेळ गाडी चालू ठेवली, की बरोबरचे हमाल शिव्या देऊ लागले. शेवटी एक म्हातारा खेचराची शेपटी धरून धुक्यातून बाहेर आला.  गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून उभा राहिला, ऊब घेत. "बस. त्याचा सलाम तोच होता," गनीभाई सांगायचे. पुढे लढाई झाली, खिंड बंद पडली, आणि पोटाला चिमटा बसल्यावर हा माणूस शेवटी नाइलाजाने आगबोटीत बसून दुबईला आला. सबंध प्रवास त्यांनी डेकवर आडवं पडून काढला.

डोंगरापलीकडच्या पूर्व किनाऱ्यावर, फुजैराला, आमच्या कंपनीचा सर्व्हेचा कॅम्प होता. दर शुक्रवारी तिकडे रेशन पोचवायचं काम गनीभाईंकडे होतं, आणि माल मोजून द्यायला मी सोबत. एका दिवसात जायचं, एका दिवसात यायचं. पक्का रस्ता नव्हताच. धैदपर्यंत वाळू, मग मसाफीकडून डोंगर, आणि पुढे वादीच्या, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीच्या, कोरड्या पात्रातून, गोट्यांवरून आपटत थेट समुद्रापर्यंत. जुन्या काळापासून उंटांचे तांडे याच वाटेने खजूर आणि सुकी मासळी घेऊन जात. डोंगर उघडेबोडके, गवताची काडी नाही. "हे काय डोंगर? बिनबर्फाचा हिमालय," असं म्हणत गनीभाई प्रत्येक वळणावर हॉर्न मारायचे. समोरून शेळीसुद्धा येत नसायची.

त्यांचा धाकटा भाऊ लतीफ गावी होता. आईबाप गेल्यावर त्याला यांनीच वाढवलेला. त्याला दुबईत आणायचं हे गनीभाईंचं एकच स्वप्न, पण परवाना काही निघेना. तेव्हा पुष्कळ लोक लाँचमधून चोरून येत. नाखवा त्यांना दुबईच्या बंदरावर आणायच्या ऐवजी फुजैरा–खोरफक्कनच्या बाजूला, पहाटेच्या अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात उतरवून द्यायचा. "दुबई? टेकडीच्या पलीकडे," असं सांगून लाँच वळायची. ती टेकडी म्हणजे हा सगळा डोंगर. कित्येक जण पायी चालत दुबईला पोचले, कित्येक पोचले नाहीत.

गनीभाईंनी एका ओळखीच्या नाखव्याबरोबर निरोप धाडला: लतीफला आण. आणि लतीफला वेगळा निरोप: उतरलास की डोंगर चढून वादीच्या वाटेवर ये आणि सावलीत थांब, चालू नकोस, शुक्रवारी मी गाडी घेऊन येतो, आवाज ऐकला की बाहेर ये. येताना सोलं आण. इथे चिंचेची आमटी खाऊन त्यांचा जीव कंटाळला होता.

त्यांनी सगळा हिशेब डोंगराचा केला. तांडेलाचा मुलगा असून वाऱ्याचा केला नाही. वारा चांगला लागला आणि लाँच लवकर पोचली. लोक उतरले ते शनिवारी पहाटे, शुक्रवारला अजून सहा दिवस होते तेव्हा.

बरोबरचा एक संगमेश्वरचा माणूस पुढच्या आठवड्यात धडपडत आमच्या दारात आला. पाय फाटलेले, ओठ फुटलेले. त्याने सांगितलं, की लतीफ त्यांच्याबरोबर वादीपर्यंत आला होता. बाकीच्यांनी चल चल म्हटलं, पण तो एका झाडाखाली बसला. "माझो भाऊ गाडी घेऊन येतलो, इंजिन बंद करीत नाय तो. आवाज आला की उठेन," असं म्हणाला. कुठलं झाड, कुठलं वळण, ते त्या बिचाऱ्याला सांगता येईना. आणि मधला शुक्रवार येऊन गेलेला होता. आम्ही नेहमीसारखे हॉर्न मारत त्याच वाटेने गेलो होतो आणि परतही आलो होतो. कोणीही बाहेर आलं नव्हतं.

 ताटली खिडकीत ठेवून गनीभाई खाली गेले. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि ती तिथेच उभी राहून घरघरत राहिली. "मी थांब सांगितला म्हणून थांबला," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "नाय सांगितला असता तर चालला असता. पोचला असता."  मी काहीतरी बोललो असेन. इन्शाल्ला म्हणालो असेन, सगळे तेच म्हणत होते.

त्यानंतरचे शुक्रवार मला नकोसे झाले. वादीत ठिकठिकाणी गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि गनीभाई काठाकाठाने "लतीऽऽफ" करत चढायचे. पेट्रोलच्या काळजीने माझा जीव टांगणीला लागायचा. एका शुक्रवारी धुळीचं वादळ उठलं. समोरचं बॉनेट दिसेना. "यल्ला गनीभाई, निघू या, इथेच गाडले जाऊ," मी ओरडलो. ते ॲक्सिलरेटरवर पाय देऊन गाडी गुरगुरवत बसले होते. हो, बसले होते. "हाच तो धुका, कुलकर्णीसाब. आता निघायचा नाय." मला त्यांचा भयंकर राग आला. एवढ्यात धुळीतून तीन माणसं आली, एकमेकांचे सदरे धरून. गनीभाई उडी मारून धावले. त्यांनी एकेकाच्या तोंडावरचं कापड ओढून काढलं. तिघेही मलबारचे होते. त्यांतल्या एकाने मोडक्या हिंदीत सांगितलं, "मोटर का आवाज सुना, साब." गनीभाईंनी त्या तिघांना पाणी पाजलं, मागे बसवलं आणि दुबईपर्यंत आणून सोडलं.

काही महिन्यांनी, थंडीत, वादीतल्या एका वस्तीवरचा सालिम नावाचा म्हातारा आमच्या गाडीला आडवा आला. दर शुक्रवारी इथे काय शोधता, असं त्याने विचारलं. गनीभाईंनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, घरात गेला आणि एक गाठोडं घेऊन आला. कोणी तरी हिंदी माणूस इथे मेला होता, आम्ही त्याला पुरला, हे त्याच्याजवळ होतं, काय आहे ते आम्हाला कळलं नाही, असं तो म्हणाला. गाठोडं सोडलं तर आत काळी, वाळलेली सोलं. गनीभाईंनी ती नाकाशी नेली आणि मग तोंडावर दाबून धरली.

कबर वाटेपासून हाकेच्या अंतरावर होती. आम्ही गाडी चालू ठेवून सगळ्यांत जास्त वेळ जिथे थांबायचो, त्याच्या बरोबर वर. सालिमच्या सांगण्यावरून कळलं, की शुक्रवार उजाडायच्या आधीच तो गेला होता. सालिमच्या लोकांनी कडेने नीट दगड रचले होते. गनीभाईंनी फातिहा वाचला. सालिम शेजारी हात पसरून उभा राहिला. मी हिंदू माणूस, मला काही म्हणता येईना, मी नुसता रडत होतो.

खाली आल्यावर गनीभाई गाडीत बसले आणि किल्ली फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी त्या डोंगरात कधी ऐकली नव्हती. शेळीच्या गळ्यातली घंटा कुठेतरी वाजत होती, ती पहिल्यांदाच ऐकू आली. "खलास," ते म्हणाले. मग निघायच्या वेळी गाडी काही चालू होईना. वाटेत मध्येच बंद व्हायची सवयच नव्हती तिला. सालिम, त्याचे मुलगे आणि मी, सगळ्यांनी मिळून ढकलली तेव्हा कुठे ती खोकत खोकत सुरू झाली.

पुढच्या शुक्रवारी कॅम्पचं रेशन दुसरा कोणी नेईल असं मी धरून चाललो होतो, म्हणून अंथरुणातच लोळत होतो. खाली घरघर ऐकू आली. गॅलरीतून बघतो तर गनीभाई गाडीभोवती येरझारा घालताहेत. मागे नेहमीपेक्षा जास्त पाण्याच्या पखाली बांधलेल्या. मी खाली गेलो. 

"लतीफचा खलास झाला," ते म्हणाले. "पण लाँच यायच्या बंद झाल्या नाय ना, कुलकर्णीसाब. चला, बसा."

आम्ही मग कितीतरी शुक्रवार गेलो. जितके वाटेवर सापडले तितके आणले. कधी कोणी भेटायचं, बहुतेकदा कोणी नाही. सालिमच्या वस्तीपाशी गाडी उभी राहायची, गनीभाई वर जाऊन यायचे, मी खाली थांबायचो. इंजिन बंद करा असं मी त्यांना पुन्हा कधी म्हटलं नाही.

दशक संपताना मी दुबई सोडली. विमानतळावर मला सोडायला तेच आले. "आत चला, चहा तरी घेऊ," मी म्हणालो. "गाडी चालू हाय," ते म्हणाले. मी सामान उतरवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, सोडला आणि लगेच येरझारा घालायला लागले.  मी गाडीच्या पुढे गेलो आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवले. दुबईचं ऊन आणि तापलेलं इंजिन, दोन्हींनी मिळून चटका बसला. मी हात काढले नाहीत. गनीभाई फेऱ्या घालता घालता थांबले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.