एझ्रा झिराडकरचं कद्दीश

एझ्रा झिराडकर नॉर्थ यॉर्कच्या एका ज्यू बोर्डिंग शाळेत निघाला, तेव्हा ठाण्यातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, कोण ऐट आली होती! आपलं पोरगं कॅनडाला चाललं, तेही धर्म शिकायला. घराण्याचा धंदा एके काळी अलिबागकडे तेलाच्या घाण्याचा. शनिवार ज्यूंचा विसाव्याचा वार, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्या बिचाऱ्यांना हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, पण शनिवार कुणी मोडला नाही. आता त्यांचा वंशज रॅबायांच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाताखाली बसणार! वडील शिमशोन, रेल्वेत फिटर, विमानतळावर सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

शाळेत देशोदेशीची पोरं होती. एझ्राच्या खोलीत ओडेसाचा ग्रिशा. या पठ्ठ्यानं पंधराव्या वर्षापर्यंत डुकराचं मांस मिटक्या मारत खाल्लेलं, आपण ज्यू आहोत हे त्याला आजीनं मरताना सांगितलेलं. त्याला हिब्रू अक्षरं गिरवायला लावली ती एझ्रानं. तरी पोरं ग्रिशाला सोडून एझ्रालाच विचारायची, "तू खरंच ज्यू? दिसत नाहीस." एझ्रा हसून म्हणायचा, "आमच्याकडे सगळे असेच दिसतात." मनाला लावून घेणारा मुलगा नव्हता तो. लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान आधी कळलं असतं.

दुसऱ्या वर्षी वडील गेले. हार्ट अटॅक. ज्यूंमध्ये दफन लगेच उरकतात. हा तिकिटाची खटपट करेपर्यंत तिकडे माती पडूनही गेली. एकुलता एक मुलगा, आणि बापाला मूठभर माती देता आली नाही. आई, दीनाबाई, फोनवर म्हणाली, "कद्दीश तेवढं चुकवू नकोस, बाळा. तुझ्याशिवाय त्यांच्यासाठी म्हणणारं कोण आहे?"

कद्दीश म्हणजे मेलेल्या आईबापांसाठी मुलानं म्हणायची प्रार्थना. ती एकट्यानं चालत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर लागतात, आमेन म्हणायला. शाळेत त्यांची काय वाण? एझ्रा रोज उभा राहायचा, खोलीभर पोरं आमेन म्हणायची, आणि त्याला वाटायचं, चला, बाबांचं काही राहिलं नाही.

वडिलांना जाऊन वर्ष पुरं व्हायचा दिवस आला तो नेमका २००८ च्या डिसेंबरच्या सुट्टीत. शाळा रिकामी, ज्यांना घरी जाणं परवडत नव्हतं ती पोरं तेवढी मागे. त्यात पहाटेपासून बर्फ कोसळत होता, म्हणून सकाळची प्रार्थना ज्यानं त्यानं खोलीतच उरकली. राहिली दुपारची. सूर्य मावळला की दिवस संपला, मग कद्दीश म्हणून उपयोग नाही. एझ्रानं प्रार्थनेच्या खोलीत येऊन नजर फिरवली. आठ पोरं, रॅबाय आणि आपण. दहा! त्याचा जीव भांड्यात पडला.

रॅबाय मोजायला उठले. माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, अशी रीत आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, प्रत्येकाच्या वाट्याला एक शब्द. रॅबायांनी पहिला शब्द स्वतःवर घेतला आणि बोट फिरवत निघाले. ग्रिशावर शब्द पडला. ग्रिशाशेजारी एझ्रा. बोट त्याच्यावरून पुढे सरकलं आणि पुढचा शब्द पलीकडच्या मेक्सिकन पोरावर पडला. नऊ शब्दांवर रॅबाय थांबले. "एक कमी आहे. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मिस्टर गोल्डफार्बना फोन करून ठेवलाय. जरा फावडी घेऊन वाटेवरचा बर्फ काढा रे."

एझ्राला वाटलं, चुकले असतील. वय झालंय. तो म्हणाला, "रॅबाय, मी राहिलो."

रॅबायांनी त्याला बाजूला घेतलं. माणूस दुष्ट नव्हता हो, तीच तर पंचाईत! दुष्ट असता तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. ते हळूच म्हणाले, "तुमचा समाज खरा ज्यू आहे का, याबद्दल आमच्या काही थोरांना शंका आहे. इतके दिवस पोरं भरपूर होती, प्रश्न आला नाही."

इस्राएलात हा वाद कधीच मिटला होता. पण इथे शंकेला मरण नाही.

"मग मी काय करू?"

"सोपं आहे. विधीच्या पाण्यात एक डुबकी. त्यानंतर तू पक्का. तुला आपल्या मूळपुरुषाचा, अब्राहमाचा पुत्र एझ्रा म्हणून हाक मारतील."

"मी शिमशोनचा पुत्र आहे."

"बाहेरून आत येणाऱ्याला बापाचं नाव लावत नाहीत, बेटा."

"आणि मग कद्दीश मी कुणाचं म्हणू?" एझ्रानं विचारलं.

रॅबाय खिडकीतून रस्ता पाहत राहिले. मेल्या बापाला बाहेरचा ठरवायचं आणि मग त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची! आग लागो असल्या सोपेपणाला. एझ्रा बाहेर गेला, फावडं घेतलं आणि रडत रडत वाट साफ करू लागला. गोल्डफार्ब आले तर बाबांचं कद्दीश तरी होईल! ग्रिशाही फावडं घेऊन आला. त्यानं मान वर केली नाही.

गोल्डफार्बांची गाडी गल्लीच्या तोंडाशी रुतली. म्हातारा माणूस, तेवढ्या बर्फातून कसा चालणार? काचेआडून हात हलवला आणि तिथेच बसून राहिला. इकडे अंधार पडला. प्रार्थना ज्याची त्यानं मनातल्या मनात आटोपली. कद्दीश झालंच नाही.

ठाण्यात उजाडलं तसा दीनाबाईंचा फोन आला. "झालं रे कद्दीश?"

"झालं, आई."

"देव त्या लोकांचं भलं करो. परक्या मुलुखात तुला आपलं म्हणतात. किती माणसं होती?"

"दहा होतो, आई," एझ्रा म्हणाला.