अप्पांचे वीस सेकंद

आमच्या बिल्डिंगखालच्या दाताच्या डॉक्टरने माझ्या वडिलांचे, अप्पांचे, वरचे पुढचे चार दात हलवून पाहिले आणि म्हणाला, "अंकल, ये तो खलास. मंडे को निकाल देते हैं." अप्पा हो म्हणाले. दाढा गेल्या तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. पण अप्पा ट्रम्पेट वाजवत. तो ओठांवर दाबून वाजवतात, आणि ओठांना मागून आधार असतो तो या दातांचा. शहाऐंशीव्या वर्षी कवळी लावून नव्याने फुंकायला शिकणं काही शक्य नव्हतं. दुबईत, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते आठवड्यातून एकदाच, तेही ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात फडकं कोंबून वाजवत. आता तेही संपणार होतं.

अप्पा तरुणपणी मुंबईतल्या एका हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये होते. त्या बँडची एकच तबकडी निघाली, आणि ती आमच्या टीव्हीच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. ती ऐकून माझी मुलगी दर वेळी विचारते, "मम्मा, व्हेअर इज आजोबा इन धिस?" आहेत ना. मध्यावर वीस सेकंद आहेत ते. पण शेजारच्या इमारतीत कोणी वाजवावं तसे.

त्या रेकॉर्डिंगची गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. सगळ्या बँडला मिळून माइक एक. बँडमास्तर जुन्या चालीचे, त्यांच्या गुरूने तर माइक निघायच्या आधी रेकॉर्डिंगच्या भोंग्यापुढे वाजवलेलं. त्यांनी खडूने फरशीवर प्रत्येकाची जागा आखली होती. हळू आवाजाचं वाद्य पुढे, मोठ्या आवाजाचं मागे. ड्रमवर घोंगडी. लाकडी फळ्या करकरतात म्हणून सगळे अनवाणी. ट्रम्पेटचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून अप्पा भिंतीजवळ, माइकपासून बारा पावलांवर. आपला एकट्याचा तुकडा आला की पावलं न वाजवता पुढे यायचं, वाजवायचं, परत मागे जायचं. आवाज कमीजास्त करायचा तो असा, पायांनी.

अप्पांचा तुकडा आला तेव्हा ते निघाले. पण क्लॅरिनेटवाले मास्तर माइकपुढून सरायला विसरले. ते वयाने मोठे, अप्पांना हाताला धरून शिकवलेले. त्यांना खांद्याने बाजूला कसं करायचं? अप्पा त्यांच्या मागेच, अदबीने थांबले आणि तिथूनच वाजवलं. बाकी सगळं इतकं उत्तम जमलं होतं की बँडमास्तर म्हणाले, हेच ठेवायचं.

मी अल कुसैसच्या एका डबिंग स्टुडिओत आवाज साफ करायचं काम करते. ते वीस सेकंद मी कॉम्प्युटरवर घेऊन कितीदा बसले. अप्पांचा आवाज वर उचलला की क्लॅरिनेटचाही वर येतो. दुधात मिसळलेलं पाणी काढून दाखवा म्हणावं. दर वेळी मला त्या क्लॅरिनेटवाल्या मास्तरांचा राग यायचा. माणूस गेल्याला चाळीस वर्षं झाली, तरी.

म्हणून दात काढायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मालकाकडून किल्ली मागून अप्पांना स्टुडिओत नेलं. चांगल्यातला माइक लावला. घरघर नको म्हणून एसी बंद केला, आणि जून महिन्यात दुबईत एसी बंद करणं काय असतं ते इथल्यांनाच माहीत. मी काचेआड जाऊन बसते तोवर अप्पांनी दारात चपला काढल्या, पावलं मोजली आणि थेट मागच्या भिंतीला जाऊन उभे राहिले.

"अप्पा, पुढे या. आता तसं करत नाहीत."

"ट्रम्पेट पुढे आला की बाकीचे बुडतात."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. उकाड्याने माझं डोकं तापलं होतं. मी फटकन म्हणाले, "बाकीचे आहेत कुठे आता?"

बोलले आणि जीभ चावली. अप्पा शांतपणे म्हणाले, "आहेत की. तू रेकॉर्डिंग सुरू कर."

ते पायाने ठेका धरून मागूनच वाजवू लागले. श्वास तोकडा, सूर कापरा. मग त्यांचा तुकडा आला. अनवाणी पावलांनी ते पुढे निघाले, आणि माइकपासून चार पावलांवर थांबले. तिथे कोण उभं होतं ते मला कळलं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, नुसतं रडू आलं. मी आत ऐकू जायचं बटण दाबून म्हणाले, "मास्तर, जरा सरता का? आमच्या अप्पांना वाट द्या."

अप्पांनी काचेकडे पाहिलं. हसले. मग हातातला ट्रम्पेट किंचित झुकवून समोरच्या रिकाम्या जागेला नमस्कार केल्यासारखं केलं, चार पावलं पुढे आले आणि वाजवलं. वीस सेकंद. दोन सूर घसरले. ते मी तसेच ठेवले आहेत, मास्तरांना सरायला सांगताना फुटलेला माझा आवाज आणि अप्पांच्या पायांचा ठेकासुद्धा.

सोमवारी दात गेले. संध्याकाळी गालाला बर्फ लावून ते सोफ्यावर बसले होते, तेव्हा मी रेकॉर्डिंग लावलं. मुलगी आतून धावत आली. "इज दॅट आजोबा? सो लाउड!"

अप्पांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग सुजलेल्या तोंडाने, कसंबसं म्हणाले, "आवाज जरा कमी कर गं. बाकीचे ऐकू येत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि आवाज होता तेवढाच ठेवला.