प्रेमाची तांबडी

भावाची तब्येत बिघडल्याचा फोन आला आणि प्रेमा तातडीने कणकवलीला निघाली. जाताना खुराड्याची किल्ली तिने शेजारच्या कुंदाच्या हातात दिली. दहिसरच्या नदीकाठच्या बैठ्या चाळीत दोघींच्या खोल्यांना भिंत एकच. कुंदा विमा कचेरीतून निवृत्त झालेली, घरात कधी अंडंही न आणलेली बाई.

"दाणे टाकीन, पाणी ठेवीन. हात मात्र लावणार नाही हां," तिने बजावलं होतं.

एका दुपारी मागच्या अंगणात कलकलाट झाला. कुंदा झाडू घेऊन धावली. मुंगूस कुंपणाखालून पळालं, पण प्रेमाच्या लाडक्या कोंबडीच्या, तांबडीच्या पाठीची कातडी शेपटीपाशी फाटली होती. कुंदाने तिला उचललं. बोटांखाली तिचं काळीज धडधडत होतं.

नाक्याजवळ अपूर्वा नावाची जनावरांची डॉक्टर होती. तिने जखमेभोवतीची पिसं कापली, जखम धुतली, औषध दिलं. "बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, टोचून मारतील. आणि माशी बसू देऊ नका."

कुंदाने तांबडीला आपल्या ओट्याखाली टोपलीत ठेवलं. संध्याकाळी प्रेमाचा फोन आला.

"कोंबड्यो बऱ्या आसत मां?"

"सगळ्या मजेत," कुंदा पटकन म्हणून गेली. प्रेमाचा आवाज बसलेला होता, पण भावाचं विचारायचं कुंदाला सुचलंच नाही.

तांबडी खाईना. मान टाकून बसली. ड्रॉपरने पाणी पाजलं तर निम्मं बाहेर. काही दिवसांनी जखमेला घाण वास येऊ लागला. कुंदाने वाकून पाहिलं, तर आत काहीतरी वळवळत होतं. ती धावत मोरीत गेली आणि ओकली.

"मिठाचं कोमट पाणी ओता आणि चिमट्याने एकेक अळी काढा," अपूर्वाने फोनवर सांगितलं. "एकही ठेवू नका."

ठाण्याहून कुंदाचा मुलगा देवव्रत फोनवर वैतागला. "सोड ना, आई! कोंबडीच आहे. दुसरी आणून दे."

"प्रेमाला काय सांगू?" म्हणत तिने फोन ठेवला, नाकाला पदर बांधला आणि तांबडीला वर्तमानपत्रावर घेतलं. मिठाचं पाणी ओतून चिमटा उचलला. तांबडी ओरडलीही नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात दारात सावली पडली. प्रेमा, हातात पिशवी तशीच. तिची नजर तांबडीच्या जखमेवर गेली. मग प्रेमा खाली बसली.

"माका खरा सांगूचा होता गे. भाऊ गेल्याचा पण माका थंय पोचल्यावरच सांगल्यानी. तू पण तसाच केलंस?"

कुंदाच्या हातातला चिमटा थांबला. "भाऊ गेला? प्रेमा... चुकलंच माझं."

प्रेमाने डोळे पुसले आणि तांबडीचे पंख दोन्ही हातांनी धरले. "काढ. मी धरतंय."

एक अळी कागदावर पडली. तांबडीने मान उचलली, डोळा तिरका केला आणि टच्‌दिशी ती गिळली. दुसरीही.

"मेले, आपलेच किडे खातंस?" प्रेमाला रडता रडता हसू फुटलं. कुंदाही हसली, आणि मग दोघींना आवरेना.

जखम भरेपर्यंत पावसाळा संपला. त्या जागी पिसं काही आली नाहीत आणि इतर कोंबड्यांनी तांबडीला खुराड्यात घेतलं नाही. ती कुंदाच्याच ओट्याखाली राहते. अंडी प्रेमा घेऊन जाते.